एका खाटेसाठी नायकाचं दिवाळं

आमच्या स्टुडिओत एक बाई होती. तिला जितक्या मागण्या आल्या, तितक्या कुठल्या राजकन्येलाही आल्या नसतील. मागणी घालणारे एकाहून एक देखणे. कोणी गुडघ्यावर बसून, कोणी डोळ्यांत पाणी आणून, एकाने तर गच्चीच्या कठड्यावर चढून, नाही म्हणालीस तर उडी मारीन अशी धमकी देऊन. ही बाई तोंडात केसांच्या पिना धरून सगळं शांतपणे ऐकून घ्यायची आणि त्या बाबाचं बोलून झालं की म्हणायची, "कानावरची बट सुटलीय. हलू नका."

तिला सगळे 'समोरची' म्हणायचे. खरं काम केशभूषेचं. मेकअपच्या खोलीत माझ्या शेजारच्या आरशापाशी तिची खुर्ची. मी तोंडं रंगवायचो, ती डोकी सांभाळायची. त्यामुळे मानेच्या वरचा सगळा कारभार आमच्या दोघांच्या हातात होता, आणि मानेच्या वरच तर सगळ्या भानगडी असतात.

आता ती 'समोरची' कशी झाली, ते सांगतो. पडद्यावर नायक-नायिका एकमेकांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलताना दिसतात ना, त्यातल्या निम्म्या वेळा ती दोघं एका इमारतीतही नसतात. सकाळी नायिकेचा चेहरा टिपायचा. तिला दुपारी दुसऱ्या मालिकेत विष प्यायचं असतं, ती जाते. मग संध्याकाळी नायक येतो आणि त्याच गप्पा कॅमेऱ्याशेजारच्या मोकळ्या जागेशी मारतो. पूर्वी तिथे दिव्याचा स्टँड उभा करून त्याला नायिकेच्या उंचीवर चिकटपट्टीचा तुकडा लावायचे. एकदा एक जुने, मानी नट आले, नायिकेच्या बापाच्या भूमिकेत. त्यांना मुलीला निरोप द्यायचा होता. त्यांनी स्टँडकडे बघितलं, दिग्दर्शकाकडे बघितलं आणि म्हणाले, "मी लोखंडाला मुलगी म्हणणार नाही."

केस ठीक करायला आलेली ही तिथेच उभी होती. उंची जुळत होती. दिग्दर्शक म्हणाला, "ताई, जरा इथे उभ्या राहता का? हातात कागद घ्या, नायिकेची वाक्यं वाचा." ती उभी राहिली. आणि तो म्हातारा असा रडला, की माझं अर्ध्या तासाचं काम गालांवरून वाहून गेलं.

तेव्हापासून ती ठरूनच गेली. तिचं वाचन म्हणजे स्टेशनवरची घोषणा. 'मी तुझ्याशिवाय जगू शकत नाही' हे ती 'गाडी उशिराने धावत आहे' अशा सुरात म्हणायची. नटांना तेच आवडायचं. समोरचा माणूस अभिनय करायला लागला की नटाला पोटात दुखतं. हिच्यापुढे प्रत्येकाला वाटायचं, वा, काय रंगलो आज आपण. खलनायकांनी तिला धमकावलं, सासवांनी घराबाहेर काढलं, मुलांनी वृद्धाश्रमात ठेवलं. तिचा चेहरा मात्र 'पुढचा कोण?' असा. तिचा आवाज संकलनात कापून टाकायचे आणि तिच्या जागी नायिकेचा, अश्रूंसकट, चिकटवायचे. एकदा 'कट' ऐकलं की तीही सगळं विसरून फणी बाहेर काढायची.

घरी ती आणि आई, दोघीच. आईचे गुडघे गेलेले, जीभ मात्र तरणीताठी. रोज दारात पाऊल टाकलं की आईचा प्रश्न ठरलेला. "आज कोणी घातली का मागणी?"

"दोघांनी."

"मग?"

"एकाला नाही म्हटलं. दुसऱ्याचं उद्या आहे, त्याचा कोट इस्त्रीला गेलाय."

"त्यातला एखादा घरी घेऊन ये, नुसता बघू तरी दे," आई म्हणायची. आणि लेकीने उत्तर द्यायला तोंड उघडलं की, "माझ्याकडे बघून बोल. माझ्या कानामागे काय बघतेस? मी काय कॅमेरा आहे?"

नाही म्हणायला एक खरं स्थळ आलं होतं. विमा कंपनीतला, सरळमार्गी. चहा झाला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या आणि त्याने खाली मान घालून सांगितलं, "मला तुम्ही पसंत आहात." ही सवयीने म्हणाली, "चांगलं झालं. एकदा परत, आणि 'मला'नंतर जरा थांबा." तो उठला तो गेलाच. आईने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तिलाच हसू आवरेना.

आता बगळोबा.

बगळोबा म्हणजे आमचा माइक धरणारा. लांब काठीच्या टोकाला माइक असतो, तो नटांच्या डोक्यावर, पण चित्रात दिसणार नाही इतका वर, धरून उभं राहायचं. उंच, सडपातळ, पांढरा शर्ट, आणि दोन्ही हात वर करून असा निश्चल उभा, की खाली पाणी असतं तर मासे फसले असते. त्याच्या धंद्यात आवाज करणं हे पाप. म्हणून खिशात किल्ल्या नाहीत, बुटांना मऊ रबर, शर्ट धुऊन धुऊन मलूल केलेला. कडक इस्त्रीचा शर्ट कुजबुजतो, असं त्याचं म्हणणं. कानावर हेडफोन. चाळिशी ओलांडली तरी एकटा. तो खोलीत आलेला कळायचा नाही, गेलेलाही कळायचा नाही. मधल्या वेळात तो तिथे होता एवढंच चहाचे कप मोजले की कळायचं.

पण माझ्या नजरेतून काय सुटतंय? एक दिवस बगळोबा केशभूषेच्या खुर्चीत येऊन बसला.

"काय हवंय?" समोरचीने विचारलं.

"केस जरा... वाऱ्याने उडतात."

तिने त्याच्या डोक्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. तिथे उडायला जे शिल्लक होतं, त्याला केस म्हणणं हा केसांचा अपमान होता. पण तिने गंभीरपणे पाणी शिंपडलं, फणी फिरवली आणि म्हणाली, "आता नाही उडणार." पुढच्या आठवड्यात तो परत आला. उडत होते म्हणे.

मी त्याला चिडवून चिडवून बेजार केलं. "अरे, बोल की तिच्याशी." तो म्हणायचा, "काका, तिला काय काय बोलून झालंय लोकांचं. मी रोज ऐकतो ना, माझ्याच कानांत येतं सगळं. चंद्र झाला, तारे झाले, सात जन्म झाले. माझ्यासाठी काही उरलंच नाही."

"उरलंय ते बोल."

"उरलंय ते फार साधं आहे," तो म्हणाला, आणि नेहमीसारखा न कळत निघून गेला.

त्या वेळी आमच्याकडे एका कोट्यधीशाची मालिका चालू होती. नायक कारखानदार, घरात फिरता जिना, प्रत्येक खोलीला झुंबर. एका दुपारी नायकाचं नायिकेला मागणी घालायचं दृश्य होतं आणि दोघांचाही पत्ता नव्हता. दिग्दर्शकाला तोवर दिवे लावून घ्यायचे होते. त्याने इकडेतिकडे पाहिलं. "बगळोबा, काठी ठेव स्टँडवर. नायकाच्या जागी उभा राहा, उंची सारखीच आहे. ताई, तुम्ही तुमच्या जागी. दोघांनी नुसतं वाचा. मला सावल्या बघू द्या."

बगळोबाने कागद घेतला. समोरचीने तिचा कागद घेतला. मी पावडरचा डबा धरून पाच पावलांवर.

बगळोबाने पहिलं वाक्य वाचलं. "तुझ्या डोळ्यांत मला माझं घर दिसतं." मग थांबला. कागद खाली घेतला.

"घर म्हणजे दोन खोल्या आहेत," तो म्हणाला. "वरचा मजला, पण जिन्याचा कठडा मजबूत आहे. पुढच्या खोलीत आईंची खाट खिडकीपाशी लागेल. त्यांना बाहेरचं दिसेल. मी सकाळी लवकर निघतो, पण कोणाची झोप मोडणार नाही. मला आवाज न करायची सवय आहे. बघा. जमलं तर या."

त्या क्षणी मला वाटलं, झालं, सोनं झालं. डबा हातातून पडणार होता.

समोरचीची नजर कागदावर होती. तिने पान उलटलं, परत उलटलं, आणि मग तिच्या त्या घोषणेच्या सुरात म्हणाली, "उशीर झालाय. माझं उत्तर तुम्हाला माहीत आहे. पुन्हा विचारू नका."

बगळोबा म्हणाला, "बरं." आणि जाऊन काठीपाशी उभा राहिला.

इतकंच. दिव्यांच्या झगझगाटात, अर्ध्या मिनिटात, एका माणसाचं सगळं होऊन गेलं. आणि दिग्दर्शक सावल्यांतून डोकं बाहेर काढून विचारतोय, "हे काय वाचलंस तू? दोन खोल्या, खाट... चांगलं आहे. एकदम अंगावर आलं. कोणी लिहिलं?"

तेवढ्यात लेखक चहाचा कप घेऊन आत येत होता. लेखक म्हणजे असा प्राणी, की कौतुकाचा वास त्याला दोन भिंतींपलीकडून येतो.

"मीच," तो म्हणाला. "सकाळी दाढी करताना सुचलं."

"मग हेच ठेवू."

लेखकाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. काय ठेवायचं तेच त्याने ऐकलं नव्हतं. माइक चालूच होता, म्हणून कोपऱ्यात यंत्रापाशी बसणाऱ्या ध्वनिमुद्रकाकडून त्याने ते हळूच परत ऐकून घेतलं, आणि मग डोक्याला हात लावला. कोट्यधीश माणूस दोन खोल्यांत बायकोला कशाला नेईल? पण दिग्दर्शकाने चॅनेलच्या साहेबांना फोन करून सांगूनही टाकलं होतं. लेखकाने घरी जाऊन दार लावून घेतलं आणि चार भागांत नायकाचं दिवाळं काढलं. कारखान्याला आग, भागीदाराचा दगा, झुंबरांचा लिलाव. नायकाच्या आईला अफरातफरीत तुरुंगात धाडलं. एवढा मोठा संसार, पण बगळोबाच्या एका खाटेपायी धुळीला मिळाला.

इकडे स्टुडिओभर बातमी झाली. कोणी केली विचारू नका. ध्वनिमुद्रकाने फक्त मला सांगितलं, आणि मी फक्त विश्वासातल्या लोकांना सांगितलं. आता माझा विश्वास बऱ्याच लोकांवर आहे, त्याला काय करणार? सगळ्यांचं मत एकच पडलं, की समोरचीने मोठ्या खुबीने नकार दिला. कागदातलंच वाक्य काढून दिलं, म्हणजे त्याची शोभा नको आणि आपली पंचाईत नको. मला राग आला होता तिचा. पण असल्या गोष्टी बाईमाणसाला तोंडावर कशा विचारायच्या? शिवाय बगळोबाने हात जोडून सांगितलं होतं, "तिने उत्तर दिलंय, काका. आता विषय नको."

त्याने महिनाअखेरीस दुसरीकडे जायचंही ठरवलं. पक्ष्यांवरचा माहितीपट होता, कुठल्याशा दलदलीत. मी म्हटलं, "अरे, तू बगळा, तिथे तुलाच कॅमेऱ्यात घेतील." तो हसला नाही. "तिथे कोणी बोलत नाही," म्हणाला. "बरं वाटेल."

नायकाचं दिवाळं निघाल्यावर ते दृश्य घ्यायचा दिवस आला. नायिका तिची बाजू देऊन सकाळीच निघून गेली होती. नायक माझ्या खुर्चीत बसला होता, दिवाळं निघालेल्या माणसाला शोभेल अशी दाढीची खुंटं मी त्याला लावत होतो. माणूस वाईट नव्हता. देखणा होता, आणि ते त्याला कोणीतरी दर तासाला सांगितलं की दिवसभर काही त्रास द्यायचा नाही. मागे समोरची त्याचे केस विस्कटत होती. श्रीमंताचे केस चापून बसवायचे, गरिबाचे विस्कटायचे, हा आमचा नियम.

नायक कागद वाचता वाचता थबकला. "काका, ही आई कोण?"

"कुठली आई?"

"हे बघा ना. 'आईंची खाट खिडकीपाशी लागेल.' कोणाच्या आईंची? हिची आई तर पहिल्याच महिन्यात जिन्यावरून पडून गेली. मी स्वतः खांदा दिलाय. आणि माझी आई तुरुंगात आहे. मग खाट कोणासाठी?"

खोलीत कपडेपटवाली होती, दिवेवाला होता, मी होतो. सगळ्यांनी एकदम इकडेतिकडे पाहायला सुरुवात केली. कपडेपटवाली कोटाची बटणं मोजायला लागली.

"आणि कठडा," नायक म्हणाला. "जिन्याचा कठडा मजबूत आहे, हे कोणी मागणी घालताना सांगतं का? ज्याचे गुडघे दुखतात त्याला सांगेल माणूस. लेखकाला काय झालंय?"

मी आरशात पाहिलं. समोरचीचा हात नायकाच्या डोक्यावर तसाच थांबला होता. मग तिने फणी उचलली आणि माझ्या पावडरच्या डब्यात उभी रोवली. इतक्या वर्षांत असं कधी केलं नव्हतं तिने.

नायक बाहेर गेला. बाकीचे त्याच्यामागून सटकले. समोरची म्हणाली, "काका, बगळोबा राहतात कुठे?"

"वरच्या मजल्यावर."

"किती खोल्या?"

"दोन."

ती खुर्चीत बसली. नायकाच्याच. "हे लेखकाने लिहिलेलं नाही."

"लेखकाने अशी एक ओळ लिहिली असती, तर आज तो कुठल्या कुठे असता."

"मला वाटलं, संवाद बदलले. रोज बदलतात. नवीन पान माझ्याकडे आलं नाही, असं वाटलं मला. मी शोधत होते. सापडेना, म्हणून शेवटची ओळ वाचली." तिने वर पाहिलं. "काय होती ती?"

"'पुन्हा विचारू नका.'"

"ते माझं नव्हतं हो, काका. ते चौथ्या पानावर होतं."

"हे मला सांगून काय उपयोग? तो तिकडे उभाय काठी घेऊन. परवा चाललाय दलदलीत. जा, सांग त्याला."

"काय सांगू?"

"जे वाटतं ते."

तिने हातातल्या पिना एकेक करून खिशात टाकल्या. मग म्हणाली, "मला कधी स्वतःचं बोलावं लागलं नाही. लिहून आलेलं असतं. तुम्ही द्याल लिहून?"

आता मी लिहून द्यायला काय, एका पायावर तयार होतो. मनात दोन-तीन झकास वाक्यंही जुळली होती, एकात तर चांदणंही होतं. पण तिचा चेहरा बघितला आणि पहिल्यांदाच तोंड बंद ठेवलं. एवढंच म्हटलं, "तुला त्याच्याबद्दल काही विचारायचं असेल तर ते विचार. उत्तराचं पुढे बघू."

सेटवर सगळं तयार होतं. छताची झुंबरं गेली होती आणि भिंतींना पोपडे आले होते. नायक खुंटं वाढवून उभा. बगळोबा खोक्यावर, काठी वर धरून, नजर छताला. समोरची आली आणि कॅमेऱ्याशेजारी आपल्या जागी उभी राहिली. ती आल्याचं त्याला कळलं, कारण माइक केसभर थरथरला. मला दिसला, कारण मी तेच बघायला उभा होतो.

"शांतता," दिग्दर्शक म्हणाला. "चालू."

नायकाने सुरुवात केली, आणि खरं सांगतो, बरं केलं त्याने. घर म्हणजे दोन खोल्या आहेत. जिन्याचा कठडा. आईंची खाट. 'तुम्ही'चं 'तू' केलं होतं लेखकाने, तेवढाच त्याचा हातभार. शेवटी नायक म्हणाला, "बघ. जमलं तर ये," आणि डोळ्यांत आणायचं तेवढं पाणी आणून थांबला. आता समोरचीने म्हणायचं, उशीर झालाय.

समोरचीने कागद घडी करून पिनांच्या खिशात ठेवला.

"खिडकी कुठल्या बाजूला आहे?" ती म्हणाली.

घोषणेचा सूर नव्हता. आवाज थोडा चिरका होता, आणि मधेच एक श्वास जास्तीचा. नायकाने पापण्या मिटमिटल्या. हे त्याच्या कागदावर नव्हतं. पण कॅमेरा चालू होता आणि दिग्दर्शक थांबवत नव्हता, कारण त्या गोंधळलेल्या चेहऱ्यावर दिवा फार सुंदर पडला होता.

"आईला संध्याकाळचं ऊन सोसत नाही," समोरची म्हणाली. "डोकं दुखतं. खिडकी पश्चिमेला असेल, तर मला आत्ताच सांगा. मग काहीतरी पडदा वगैरे बघावा लागेल. पण बघता येईल. तसं काही नाही. पडदा मी शिवीन."

नायक तोंड उघडून उभा. त्याच्या चेहऱ्यावर असं काही दुःख, असं काही आश्चर्य, अशी काही आशा दाटून आली, की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस आतून फुटतोय. तो बिचारा पुढचं वाक्य शोधत होता.

आणि वरून, खोक्यावरून, माइकच्याही वरून आवाज आला.

"पूर्वेला आहे."

अख्ख्या युनिटने वर पाहिलं. त्या माणसाने चालू दृश्यात कधी खाकरल्याचंही कोणाला आठवत नव्हतं.

"कट," दिग्दर्शक ओरडला. "कोण बोललं?"

"मी," बगळोबा म्हणाला.

"तू? अरे, तू? लोकांनी खुर्ची हलवली तर तू डोळे वटारतोस."

"खिडकीचं विचारलं होतं त्यांनी."

कोपऱ्यातून ध्वनिमुद्रकाने हात वर केला. "साहेब, आवाज मात्र स्वच्छ आलाय."

सगळे हसले. दिग्दर्शकही हसला, मग त्याने बगळोबाकडे पाहिलं, समोरचीकडे पाहिलं, आणि अखेर त्याच्याही डोक्यात उजेड पडला. "दोघं बाहेर जा," तो म्हणाला. "काय पडदे-बिडदे असतील ते ठरवून या. दिवे तापलेत, फार वेळ लावू नका."

बाहेर आवारात ती दोघं पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिली. काय बोलली, मला माहीत नाही. या गोष्टीतली माहीत नसलेली ही एकच गोष्ट, आणि ती मला आजही खुपते. खिडकीतून एवढंच दिसलं, की बोलत ती होती आणि तो मान हलवत होता. मग तो बोलायला लागला आणि ती हसली. आत येताना तिने त्याच्या डोक्यावर चिकटलेला कापसाचा धागा काढला. केस ठीक केले म्हणायचे.

दलदलीतले पक्षी बिचारे वाट बघत राहिले. आणि तो तोंड उघडलेला चेहरा संकलकाने तसाच ठेवला. वर्षाच्या शेवटी आमच्या नायकाला त्या दृश्यासाठी बक्षीस मिळालं. 'निःशब्द अभिनय' का काहीतरी म्हणाले परीक्षक. बक्षीस घेताना त्याने आई-वडिलांचे, गुरूंचे, लेखकाचे आभार मानले. लेखकाने प्रेक्षकांत उठून नमस्कारही घेतला. घेऊ दे. नायकाचा कारखाना त्याला परत उभा करून द्यायला जी काही वळणं घ्यावी लागली, ती त्याची त्यालाच माहीत.

लग्न नोंदणी कार्यालयात झालं, सह्या करून. साहेबांनी विचारलं, "तुमची संमती आहे ना?" तर समोरची म्हणाली, "आहे." आणि थोड्या वेळाने, कोणी विचारलेलं नसताना, "हे माझं आहे." साहेबांना काही कळलं नाही. मला कळलं.

पण खरी परीक्षा पुढेच होती. आईने बजावून ठेवलं होतं, "खोली बघितल्याशिवाय मी राहायला यायची नाही. आणि पसंत पडली नाही तर तुम्ही दोघांनी इकडे यायचं." त्याप्रमाणे एका सकाळी आईची मिरवणूक निघाली. जिन्यात तिने कठडा दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिला. हलला नाही. "हं," म्हणाली. वर आल्यावर खुर्चीत बसून तिने जावयाला उभं केलं.

"तुम्ही मालिकेत काय करता? मी रोज बघते, तुम्ही कधी दिसत नाही."

"दिसलो तर कामावरून काढतील, आई."

"अस्सं? आणि तो नायक, त्याचं दिवाळं निघालं बिचाऱ्याचं, तोही असाच दोन खोल्यांत गेला. तुमचं तसलं काही नाही ना?"

"नाही, मी आधीपासूनच दोन खोल्यांत आहे."

"मग ठीक. घसरायला जागा नाही."

त्यानंतर खाट. एका बाजूला बगळोबा, एका बाजूला समोरची आणि गादी डोक्यावर घेऊन मी. आई खुर्चीतून हुकूम सोडत होती. "खिडकीजवळ. तितकी नको, वारा लागेल. मागे. डोकं इकडे करा. नको, पाय इकडे करा. काका, गादी काय मिरवताय, टाका." मी इतके दिग्दर्शक बघितले, पण इतकी ठाम नजर एकाची नाही. शेवटी आई आडवी झाली, कुशीवर वळली आणि बाहेर बघू लागली. खाली भाजीवाल्याची गाडी, एक भांडण, दोन मांजरं आणि समोरच्या बाल्कनीत कोणाचं तरी वाळत घातलेलं पातळ. समोरचीने कंबरेवर हात ठेवून वाट पाहिली. बगळोबाने तर श्वासच रोखला होता.

"ते पातळ विटकं आहे," आई म्हणाली. "पण बाकी बरं आहे. राहू दे खाट."

समोरचीने खाली मान घालून पदराने डोळे पुसले. बगळोबा चहा करायला आत गेला, कप घेऊन आला आणि खाटेपाशी उभा राहिला. आई वळली आणि दचकून उठून बसली.

"अगं बाई, हा माणूस कधी आला? जीव जायचा माझा. हे बघा जावईबापू, सगळं पसंत आहे, पण तुमचं हे मांजरासारखं चालणं या घरात चालणार नाही. माणूस घरात आला की कळलं पाहिजे."

दुसऱ्याच दिवशी बगळोबाने जाड टाचांच्या, करकरणाऱ्या चामडी वहाणा विकत घेतल्या. घरी जाताना कोपऱ्यावरूनच ऐकू येतो. कामावर आला की सेटच्या दाराबाहेर त्या काढून ठेवतो आणि मऊ बूट घालून आत शिरतो. मेकअपच्या खोलीतून दिसतात त्या. समोरची मध्येच हातातली फणी ठेवून बाहेर जाते, त्या नीट जोडीने भिंतीला लावते आणि परत येते. मी चिडवतो. ती म्हणते, "काका, तुम्ही तुमचं रंगवा."